एमी नामांकनांचे अंदाज खऱ्या यादीशी कसे ताडून पाहावेत

कोल्हापूरच्या राजारामपुरीत आम्ही पाच जण दर जुलैत अमेरिकेतल्या टीव्हीच्या एमी पुरस्कारांच्या नामांकनांवर पैज लावतो. पैज साधी आहे. ज्याचे अंदाज सगळ्यांत जास्त चुकतील, त्यानं रविवारी बाकीच्यांना मिसळ खाऊ घालायची. पहिली दोन वर्षं मिसळ कुणाच्या गळ्यात घालायची तेच ठरलं नाही. अंदाज सगळ्यांनी केले होते, यादी सगळ्यांनी पाहिली होती, पण ताळा करायला बसलं की पाच जणांचे पाच हिशेब.

'मी शोगन येणार म्हटलोय, आलंय की! गुण का देईनास?'

'तू लिमिटेड सिरीजमध्ये म्हटलायस भावा. आलंय ड्रामात.'

शोगन ही मालिका. लिमिटेड सिरीज म्हणजे एकाच सीझनमध्ये गोष्ट संपवणाऱ्या मालिकांचा विभाग, ड्रामा म्हणजे पुढे चालू राहणाऱ्या गंभीर मालिकांचा. इथून सुरू झालेलं भांडण पुढच्या आठवड्यापर्यंत पुरायचं.

अंदाज कसे बांधावेत हे सांगणारे पुष्कळ भेटतात. ताळा कसा करावा हे कुणी सांगत नाही, म्हणून आम्ही ठेचा खात खात जे शिकलो ते इथं टप्प्याटप्प्यानं लिहितोय. एकूण नऊ टप्पे आहेत आणि त्यातले पाच यादी जाहीर होण्याच्या आधीचे आहेत. लोक नेमके तेच गाळतात आणि मग निकालाच्या रात्री डोकं धरून बसतात.

सामान फार लागत नाही. एक वही किंवा मोबाइलवरची स्प्रेडशीट, आणि एक पंच. पंच स्वतः अंदाज करणारा नसला तर उत्तम. सगळेच खेळणारे असतील तर प्रत्येकाची वही दुसऱ्यानं तपासायची, स्वतःची कुणीही नाही.

टप्पा १ : पुरस्कार कोणता आणि कितवा, ते वहीच्या पहिल्या ओळीत लिहा

'एमी' म्हटलं की सगळ्यांच्या डोक्यात एकच गोष्ट असते असं नाही. आपण ज्याबद्दल बोलतोय ते प्राइमटाइम एमी. ते अमेरिकेतली टेलिव्हिजन अकॅडमी देते आणि नामांकनं साधारण जुलैच्या मध्यावर जाहीर होतात. इंटरनॅशनल एमी वेगळे. संस्था वेगळी, यादी वेगळी, सोहळा नोव्हेंबरात न्यूयॉर्कला. 'दिल्ली क्राइम'ला २०२० साली मिळालेला पुरस्कार इंटरनॅशनल एमी होता, वीर दासचा २०२३ चा पुरस्कारही तोच. २०२५ साली दिलजीत दोसांझचं नाव नामांकनात आलं तेही त्याच यादीत. आमच्यातला एक जण दरवर्षी भारतीय नाव प्राइमटाइमच्या वहीत घालतो आणि दरवर्षी एक जागा फुकट घालवतो.

वर्षाचाही घोळ होतो. ७५ व्या एमीची नामांकनं १२ जुलै २०२३ ला आली, पण हॉलिवूडच्या लेखक-कलाकारांच्या संपांमुळे सोहळा लांबला आणि १५ जानेवारी २०२४ ला झाला. ७६ व्याची नामांकनं १७ जुलै २०२४ ला आली आणि सोहळा १५ सप्टेंबर २०२४ ला झाला. म्हणजे '२०२४ चे एमी' असं लिहिलं तर दोन सोहळे हात वर करतात. म्हणून सालाऐवजी क्रमांक लिहा: '७६ वे प्राइमटाइम एमी, नामांकनं १७ जुलै २०२४'. जुने अंदाज आणि जुन्या याद्या शोधून ताडणाऱ्यांनी तर हे डोळ्यांत तेल घालून पाहावं.

टप्पा २ : विभाग निवडा आणि प्रत्येकात जागा किती ते मोजा

एमीचे विभाग शंभराहून जास्त आहेत. सगळ्यांवर अंदाज बांधायला गेलात तर ध्वनिमुद्रणाच्या विभागात नाणं उडवत बसाल. सहा ते आठ विभाग पुरेत. आमचे ठरलेले: ड्रामा, कॉमेडी, लिमिटेड सिरीज आणि ड्रामा-कॉमेडीतले मुख्य अभिनयाचे चार.

आता जागा. ड्रामा आणि कॉमेडी मालिकांना प्रत्येकी ८ जागा ठरलेल्या आहेत. लिमिटेड सिरीजला ५. अभिनयासारख्या बऱ्याच विभागांत मात्र जागा किती प्रवेशिका आल्या त्यावर ठरतात. २० ते ८० प्रवेशिका असतील तर ५ जागा, ८१ ते १६० ला ६, १६१ ते २४० ला ७ आणि २४० च्या वर ८. त्यामुळे एकाच विभागातल्या जागा वर्षागणिक बदलतात. ड्रामातल्या मुख्य अभिनेत्याच्या विभागात २०२४ ला सहा नावं होती, २०२५ ला पाचच. गेल्या वर्षीची वही उघडून 'सहा' लिहून मोकळे झालेल्यांचं तिथं एक नाव लटकलं.

यावर आमचा तोडगा असा: अभिनयाच्या विभागात आठ नावं लिहायची, पण क्रमानं. सगळ्यांत खात्रीचं वर, सगळ्यांत डळमळीत खाली. यादी आली की जितक्या जागा निघतील तितकीच वरची नावं मोजायची, खालची कापायची. जागा पाच निघाल्या तर सहाव्या नावाला काही किंमत नाही, ते बरोबर आलं असलं तरी.

ताकीद: हा नियम आधी सगळ्यांकडून कबूल करून घ्या. निकालानंतर सांगितलात तर ज्याचं सहावं नाव बरोबर आलंय तो तुम्हाला सोडणार नाही.

टप्पा ३ : पात्रतेची चाळणी लावा

सगळ्यांत जास्त नावं इथंच वाया जातात आणि ती वाचवणं सगळ्यांत सोपं आहे. एमीचं वर्ष १ जूनला सुरू होतं आणि पुढच्या ३१ मेला संपतं. जुलैत नामांकनं येतात ती या खिडकीत दाखवलेल्या भागांना.

'द बेअर' ही मालिका चकवण्याचं उत्तम उदाहरण आहे. तिचा नवा सीझन जूनच्या अखेरीला येतो, म्हणजे खिडकी बंद झाल्यावर महिन्याच्या आत. २०२५ च्या जुलैत तिला नामांकन मिळालं तेव्हा लोक नुकताच चौथा सीझन बघून बसले होते, पण नामांकन होतं वर्षभरापूर्वीच्या तिसऱ्या सीझनला. चौथ्या सीझनमधलं काम आवडलं म्हणून कुणाचं नाव घातलंत, तर तुम्ही एक वर्ष पुढच्या गाडीत बसलात. 'द गिल्डेड एज'चंही तसंच. तिसरा सीझन २२ जून २०२५ ला सुरू झाला, म्हणजे २०२५ च्या यादीतून आपोआप बाहेर.

प्रत्येक नावासमोर तीन गोष्टी लिहा: सीझन कितवा, पहिला भाग कोणत्या तारखेला आला, आणि निर्मात्यांनी प्रवेशिका कोणत्या विभागात दिली. तिसरी गोष्ट लोक विसरतात. शोगन आधी लिमिटेड सिरीज म्हणून ओळखली जात होती. २०२४ च्या मे महिन्यात पुढच्या सीझनची बोलणी जाहीर झाली आणि ती ड्रामात गेली. एप्रिलमध्ये अंदाज लिहून तो न तपासणाऱ्यांची यादी दोन ठिकाणी फाटली. लिमिटेड सिरीजमधली एक जागा वाया आणि ड्रामात एक नाव कमी. वरच्या भांडणाचं मूळ हेच.

पाहुण्या कलाकारांचा विभाग धरलात तर आणखी एक चाळणी लागते. सीझनच्या निम्म्याहून जास्त भागांत दिसलेला कलाकार पाहुणा ठरत नाही. 'छोटंसं काम आहे' या भावनेवर तिथं नाव घालू नका, भाग मोजा.

तपासणी: ज्या नावासमोर या तीनपैकी एकही रकाना रिकामा आहे, ते नाव अजून अंदाज नाही, इच्छा आहे.

टप्पा ४ : अंदाज उतरवा आणि कुलूप लावा

शाहू स्टेडियमवर फुटबॉलची मॅच संपल्यावर गॅलरीत उभे राहा. जिंकलेल्या तालमीचा (आमच्याकडे फुटबॉलचे संघ तालमींचे असतात) गोल कोण करणार हे आधीच सांगितलेली निदान वीस माणसं भेटतील. आमच्या कट्ट्यावरही तेच व्हायचं. म्हणून आता तोंडी अंदाज धरतच नाही.

कागदावर प्रत्येक ओळीत पाच रकाने: क्रम, नाव, मालिका, विभाग, खात्री. खात्रीला तीनच शब्द वापरतो: 'पक्कं', 'बहुतेक', 'धाडस'. हा शेवटचा रकाना आळसानं सोडू नका, आठव्या टप्प्यात त्याचा उपयोग आहे.

कुलूप म्हणजे नामांकनाच्या दिवशी संध्याकाळी आठ वाजता वहीच्या पानाचा फोटो ग्रुपवर टाकायचा. त्यानंतर खाडाखोड बंद. स्प्रेडशीट असेल तर तिची पीडीएफ काढून टाका. नुसती लिंक दिलीत तर आत कोण काय बदलतंय ते कळत नाही, आणि एरवी सज्जन असलेला माणूसही रात्री साडेनऊला एखाद्या नावावरून बोट फिरवतो.

स्प्रेडशीटवाल्यांसाठी एक खास इशारा. दोन वर्षांपूर्वी मी हौसेनं सूत्र लावलं. एका रकान्यात अंदाज, दुसऱ्यात खरी यादी, जुळलं की आपोआप एक गुण. उत्तर आलं तेव्हा आमच्यातल्या सगळ्यांत जाणकार गड्याला कॉमेडीत तीन गुण. तो गप्प बसून राहिला, पण कान लाल झाले होते. मग नावं एकेक वाचली. त्यानं 'द बेयर' लिहिलं होतं, मी यादीत 'द बेअर'. त्याचं 'अबट', माझं 'अॅबट'. 'हॅक्स'च्या शेवटी त्याच्याकडून एक मोकळी जागा पडली होती, डोळ्यांना दिसत नाही पण यंत्राला दिसते. त्याचे खरे गुण सहा होते.

परदेशी नावं देवनागरीत लिहिताना हे होणारच. उपाय म्हणजे प्रत्येक मालिकेला एक आकडा द्या, तो यादीच्या पहिल्या पानावर लिहून सगळ्यांना वाटा, आणि ताळा आकड्यांचा करा. हाताने ताडत असाल तर ही भानगडच नाही. खरं सांगायचं तर पाच माणसं आणि सात विभागांसाठी वहीच बरी.

टप्पा ५ : 'आळशी यादी' तयार करा

हा टप्पा आम्ही फार उशिरा शिकलो आणि बाकी सगळं सोडलंत तरी हा सोडू नका.

कुणी 'आठपैकी सहा बरोबर' म्हणालं की आपण वा वा करतो. पण त्या सहांतली किती नावं डोळे मिटूनही आली असती? ते कळण्यासाठी एक सहावा भिडू बसवायचा, जो काहीच बघत नाही आणि काहीच वाचत नाही. तो गेल्या वर्षीची नामांकनं घेतो, त्यातल्या या वर्षी पात्र नसलेल्या मालिका खोडतो आणि उरलेली जशीच्या तशी उतरवतो. रिकाम्या जागा रिकाम्याच ठेवतो. ही आळशी यादी.

२०२५ चीच गोष्ट घ्या. २०२४ ला कॉमेडीत आठ नावं होती: अॅबट एलिमेंटरी, द बेअर, कर्ब युवर एन्थुझिअॅझम, हॅक्स, ओन्ली मर्डर्स इन द बिल्डिंग, पाम रॉयल, रिझर्व्हेशन डॉग्ज आणि व्हॉट वी डू इन द शॅडोज. यातल्या 'कर्ब' आणि 'रिझर्व्हेशन डॉग्ज' संपल्या होत्या, 'पाम रॉयल'चा नवा सीझन खिडकीत आला नव्हता. उरल्या पाच. आणि २०२५ च्या यादीत त्या पाचही आल्या. नवीन फक्त तीन: नोबडी वॉन्ट्स धिस, श्रिंकिंग आणि द स्टुडिओ. म्हणजे त्या वर्षी कॉमेडीत पाच गुण झोपेतही मिळत होते.

आता ड्रामा. २०२४ ची आठ नावं होती द क्राउन, फॉलआउट, द गिल्डेड एज, द मॉर्निंग शो, मिस्टर अँड मिसेस स्मिथ, शोगन, स्लो हॉर्सेस आणि थ्री बॉडी प्रॉब्लेम. पुढच्या खिडकीत यातली एकच मालिका होती, 'स्लो हॉर्सेस'. ती आली. बाकीची सात नावं नवी: अँडॉर, द डिप्लोमॅट, द लास्ट ऑफ अस, पॅराडाइज, द पिट, सेव्हरन्स आणि द व्हाइट लोटस. यांतल्या काही जुन्या मालिका होत्या, पण गेल्या वर्षीच्या यादीत नसल्यामुळे आळशी भिडूला त्यांचा पत्ता नाही. त्याला ड्रामात एक गुण.

एकाच वर्षी, एकाच पुरस्कारात, आळशी यादीला एकीकडे पाच आणि दुसरीकडे एक. म्हणून कॉमेडीतले सहा आणि ड्रामातले पाच यांची तुलना करायची तर नुसते आकडे समोर ठेवून चालत नाही.

तपासणी: आळशी यादीही संध्याकाळी आठच्या आत कुलपात गेली पाहिजे. ती नंतर बनवली की 'हे तर पात्रच नव्हतं की' असं म्हणून आपल्या सोयीनं नावं खोडली जातात.

टप्पा ६ : निकालाची रात्र

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सकाळी साडेआठला नामांकनं जाहीर होतात तेव्हा आपल्याकडे रात्रीचे नऊ वाजलेले असतात. कोल्हापूरकरांसाठी वेळ सोयीची, महिना गैरसोयीचा. जुलैच्या मध्यावर पंचगंगा फुगलेली असते, राजाराम बंधाऱ्याची पातळी ३९ फुटांच्या इशाऱ्याकडे चाललीय का, हे दर तासाला ग्रुपवर येत असतं, आणि मध्येच वीज जाते. फोन चार्ज करून ठेवा, हे वेगळं सांगायला नको.

थेट प्रक्षेपणात मोजकेच मोठे विभाग वाचून दाखवतात. पूर्ण यादी अकॅडमीच्या संकेतस्थळावर येते. ताळा तिच्यावरूनच करायचा. प्रक्षेपण ऐकत नावं टिपणं मजेचं आहे, पण ते टिपण ताळ्याला वापरू नका. उच्चार भलतेच असतात आणि एखादं नाव हमखास निसटतं.

फॉरवर्ड होऊन आलेल्या चित्रावरून तर अजिबात नाही. एका वर्षी वीज गेलेली, नेट कासवाच्या चालीनं, आणि कुणीतरी ग्रुपवर सुंदर रंगीत तक्ता टाकला. मी टॉर्चच्या उजेडात त्यावरून सगळा ताळा केला, माझे अंदाज जवळजवळ सगळेच लागले, मी घरात ओरडून घेतलं. सकाळी कळलं की तो तक्ता खऱ्या नामांकनांचा नव्हताच. कुणीतरी आदल्या आठवड्यात केलेले अंदाज होते. म्हणजे मी माझे अंदाज दुसऱ्याच्या अंदाजांशी ताडून पाहत होतो. मिसळ त्या वर्षी मीच घातली.

आणखी एक गैरसमज इथंच मोडू. यादीतली नावं वर्णानुक्रमानं असतात. पहिलं नाव म्हणजे जास्त मतं असं काही नाही. तुमचा क्रम आणि यादीचा क्रम जुळवत बसू नका.

टप्पा ७ : जुळवणी

क्रम महत्त्वाचा. लोक स्वतःचे अंदाज हातात घेतात आणि एकेक नाव यादीत शोधतात. असं केलं की आपल्याला फक्त आपली नावं दिसतात. आधी खरी यादी घ्या आणि तिच्यातलं एकेक नाव आपल्या अंदाजात शोधा. नंतर उलट फिरा. दोन्ही फेऱ्या करायच्या.

खुणा तीन:

लागलं: अंदाजात आहे, यादीत आहे, त्याच विभागात.
हुकलं: यादीत आहे, अंदाजात नाही.
वाया: अंदाजात आहे, यादीत नाही.

'लागलं' ची व्याख्या कडक ठेवा. मालिका तीच पण विभाग दुसरा, तर ते एका विभागात वाया आणि दुसऱ्यात हुकलं. अभिनयात नट आणि मालिका दोन्ही जुळली पाहिजेत. दिग्दर्शन-लेखनाचे विभाग घेतलेत तर नामांकन विशिष्ट भागाला असतं, त्यामुळे भागाचं नाव लिहिल्याशिवाय अंदाज धरू नका. २०२४ ला कॉमेडीच्या दिग्दर्शनात 'द बेअर'चे दोन वेगवेगळे भाग होते. नुसतं 'द बेअर' लिहिलेल्याला किती गुण द्यायचे? एक? दोन? आम्ही शून्य दिले आणि त्यानं पुढच्या वर्षीपासून भागांची नावं पाठ केली.

एक उदाहरण पूर्ण करून दाखवतो. समजा २०२५ च्या कॉमेडीत एकानं लिहिलं: हॅक्स, द स्टुडिओ, द बेअर, अॅबट एलिमेंटरी, ओन्ली मर्डर्स, श्रिंकिंग, द फोर सीझन्स, अ मॅन ऑन द इनसाइड. खऱ्या यादीतून फिरलो तर पहिली सहा लागली. नोबडी वॉन्ट्स धिस आणि व्हॉट वी डू इन द शॅडोज हुकल्या. उलट फेरीत शेवटच्या दोन वाया. सहा लागली, दोन हुकली, दोन वाया.

तपासणी: जागा आणि अंदाज सारखे असतील तर हुकलेली आणि वाया गेलेली नावं सारखीच निघाली पाहिजेत. हुकली दोन आणि वाया तीन असं आलं तर कुठेतरी मोजणीत झोल आहे. बहुतेक वेळा एकच नाव दोनदा लिहिलेलं असतं. पुढे जाऊ नका, आधी ते शोधा.

टप्पा ८ : गुण

तीन आकडे काढा आणि तिन्ही शेजारी शेजारी लिहा.

पहिला, लागलेली नावं भागिले एकूण जागा. इथं एक खाच आहे. सगळ्या विभागांची बेरीज करून मग भागायचं, की प्रत्येक विभागाचे टक्के काढून त्यांची सरासरी घ्यायची? लिमिटेड सिरीजमध्ये पाचपैकी पाच आणि ड्रामात आठपैकी तीन लागली असं धरा. बेरजेनं १३ पैकी ८, म्हणजे ६२ टक्के. सरासरीनं ६९ टक्के. सात टक्क्यांत मिसळ इकडची तिकडे होते. आम्ही बेरीज धरतो, कारण ड्रामाच्या आठ जागा ओळखायला मेहनत जास्त. तुम्ही काहीही धरा, फक्त कुलूप लागायच्या आधी धरा.

दुसरा आकडा, आळशी यादीपेक्षा किती जास्त. वरच्या गड्याला कॉमेडीत सहा, आळशी यादीला पाच, म्हणजे कमाई एक. त्यातही गंमत बघा. त्यानं नवी दोन नावं बरोबर ओळखली, पण आळशी यादीतली 'शॅडोज' हुशारीनं खोडली आणि तीच आली. दुसऱ्या एकानं ड्रामात सेव्हरन्स, द पिट, द व्हाइट लोटस, द लास्ट ऑफ अस, स्लो हॉर्सेस, स्क्विड गेम, सायलो आणि द हँडमेड्स टेल लिहिलं असं समजा. पहिली पाच लागली. गुण पाच, आळशी यादीला एक, कमाई चार. सहावाला पाचवाल्याला हसत असेल तर त्याला हा आकडा दाखवा.

कमाई उणे आली तर? येते. गेल्या वर्षीची यादी उतरवून काढली असती तर बरं झालं असतं, एवढाच त्याचा अर्थ. लपवू नका, लिहा.

तिसरा आकडा खात्रीचा. 'पक्कं' लिहिलेल्यांतली किती लागली, 'बहुतेक'मधली किती, 'धाडस'मधली किती. पक्क्याचं प्रमाण सगळ्यांत वर आणि धाडसाचं सगळ्यांत खाली असायला हवं. दोन्ही सारखी निघाली तर तुम्हाला कुठलं नाव भक्कम आणि कुठलं पोकळ हेच कळत नाही, आणि अभिनयाच्या विभागात क्रम लावण्यात अर्थ उरत नाही.

वाया गेलेल्या नावाला उणे गुण द्यावेत का, यावर आमच्यात अजून कुस्ती सुरू आहे. जागा आणि अंदाज सारखे असतील तर गरज नाही, कारण वाया गेलेलं नाव आधीच एक जागा खाऊन बसलंय. कुणी जागांपेक्षा जास्त नावं घालत असेल तरच उणे गुण लावा.

टप्पा ९ : चुका वेगळ्या करा

गुण लिहून वही मिटली की पुढच्या वर्षी त्याच चुका होतात. प्रत्येक हुकलेल्या आणि वाया गेलेल्या नावासमोर एक कारण लिहा. आमच्याकडे चार कारणं पुरतात.

पात्रता: सीझन खिडकीत नव्हता. ही चूक अंदाजाची नाही, आळसाची.

विभाग: मालिका आली, पण दुसरीकडे.

ओढ: 'स्क्विड गेम' घ्या. २०२२ ला १४ नामांकनं होती, त्यामुळे २०२५ ला दुसऱ्या सीझनसाठी लोकांनी डोळे झाकून नाव घातलं. हाती भोपळा. जुन्या नावाच्या ओढीनं घातलेली नावं इथं. मालिका आली म्हणजे तिचा नटही येईल, हीपण ओढच. २०२५ ला 'अँडॉर' ड्रामात आली, पण तिचा नायक दिएगो लुना मुख्य अभिनेत्यांत नव्हता. मालिकेला सगळे सभासद मत देतात, अभिनयाची नामांकनं अभिनेत्यांचा गट ठरवतो. मतदारच वेगळे, तर निकाल एक कसा येईल?

उलटही होतं आणि तेही ओळखायला हवं. २०२३ ला ड्रामातल्या सहाय्यक अभिनेत्याच्या आठही जागा दोनच मालिकांनी घेतल्या, चार 'सक्सेशन'नं आणि चार 'द व्हाइट लोटस'नं. 'एका मालिकेतून दोनच येतील, बाकीच्यांनाही मिळायला नको का' असा न्यायाधीशाचा विचार करून ज्यांनी नावं वाटली, त्यांची निम्मी यादी वाया गेली. मतदार वाटप करत नाहीत.

आणि चौथं कारण, आवड. मला भावलं म्हणून घातलं. या रकान्यात माझी नावं सगळ्यांत जास्त निघतात. बायको म्हणते, तू अंदाज करत नाहीस, नवस बोलतोस.

ही कारणं त्याच रात्री लिहा, फार तर दुसऱ्या दिवशी. आठवड्यानं लिहायला बसलात तर प्रत्येक चुकीला एक रुबाबदार कारण सापडलेलं असतं. वहीच्या पानाला क्रमांक घाला, पुढच्या पानावर पुढच्या वर्षीच्या आळशी यादीसाठी यंदाची खरी नामांकनं विभागवार उतरवून ठेवा, आणि ज्याच्यावर मिसळ बसली त्याची सही घ्या.